अठरा इंची पट्टे : विमानांवरील ठळक रंगखुणांच्या फळ्यांच्या प्रकल्प नोंदी

परळमधील एका मराठी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी, विमाने दुरून ओळखू यावीत म्हणून त्यांच्यावर रंगवल्या जाणाऱ्या खुणांचा उगम दाखवणाऱ्या फळ्या मी तयार केल्या. त्या कामाच्या या नोंदी आहेत. काम आमच्या इमारतीच्या गच्चीवर, मुख्यतः शनिवार-रविवारी झाले. मी नोकरीत ड्राफ्ट्समन होतो, त्यामुळे मापे आणि रेघा यांची सवय होती. ऑईल पेंटचा अनुभव मात्र नव्हता. असे काम दुसऱ्या कोणी हाती घेतल्यास त्याचे पैसे आणि रविवार वाचावेत, म्हणून जिथे चुकले ते सविस्तर लिहिले आहे.

५ ऑक्टोबर २०२४

वस्तू प्रत्यक्ष मापाची असावी, हा पहिला निर्णय झाला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर केलेल्या चढाईतील विमानांवरचे काळे-पांढरे पट्टे छायाचित्रात बोटभर दिसतात, आणि ते एवढे रुंद का केले असतील हा प्रश्न मुलांच्या मनात येतच नाही. १९४४ च्या आदेशानुसार एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंचांचा आणि दोन इंजिनांच्या विमानावर २४ इंचांचा असायचा. पट्टे एकूण पाच आणि क्रम पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा. अठरा पंचे नव्वद. बाजारातील प्लायवूडचा पूर्ण ताव आठ फुटी, म्हणजे ९६ इंचांचा असतो. दोन्ही टोकांना तीन-तीन इंच हिरवा रंग ठेवला की पाचही पट्टे एकाच तावावर बसतात. हा हिशेब जमला तेव्हा प्रकल्प होणार याची मला खात्री पटली.

पहिली चूक त्याच संध्याकाळी झाली. आराखडा सेंटिमीटरमध्ये काढताना मी १८ इंच म्हणजे ४५ सेंटिमीटर धरले. खरे माप ४५.७२ आहे. पाच पट्ट्यांत साडेतीन सेंटिमीटरांहून अधिक फरक पडत होता. आराखडा पुन्हा इंचांत काढला. मूळ आदेश ज्या मापात आहे त्याच मापात काम करावे.

मदतीला नववीत शिकणारा पुतण्या आणि आमच्याच मजल्यावरचे पेंटरकाका आहेत. काकांनी गिरणगावात चाळीस वर्षे दुकानांच्या पाट्या रंगवल्या आहेत. खर्चाची मर्यादा ५,००० रुपये ठरवली.

६ ऑक्टोबर

रे रोडच्या लाकूडबाजारातून ६ मिलिमीटरचा एक ताव १,२८० रुपयांना आणला. टेम्पोचे ४५० रुपये वेगळे. आठ फुटी ताव लिफ्टमध्ये मावत नाही हे विचारात घेतले नव्हते. चार मजले जिन्याने चढवताना प्रत्येक वळणावर तो उभा करून फिरवावा लागला आणि एक कोपरा ठेचला. तिथे लांबी (पुटी) भरावी लागेल.

१३ ऑक्टोबर

काल दसरा होता. गुण्या, सूत आणि नवे ब्रश यांना झेंडू वाहिला आणि काम आजपासून सुरू केले. ठेचलेला कोपरा लांबीने भरला, पॉलिश पेपर मारला, अस्तराचा (प्रायमरचा) एक हात दिला आणि दुपारनंतर गडद हिरव्या रंगाचा पहिला हात दिला. फळी गच्चीवरील पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवली. काका आज गावी गेले होते. ते असते तर पुढची नोंद लिहावी लागली नसती.

१७ ऑक्टोबर

फळी वाकली. मध्यभागी २२ मिलिमीटरांचा फुगवटा मोजला. काकांनी पाहताच कारण सांगितले, "भाऊ, पाटी रंगवायची तर पाठ आधी." एका बाजूला रंगाचा थर बसल्यावर तिकडून दमट हवा आत जात नाही, कोरी बाजू मात्र ऑक्टोबरातील दमटपणा पीत राहते आणि फुगते. दोन बाजू वेगवेगळ्या फुगल्या की पातळ फळी वाकणारच.

उपाय म्हणून फळी दोन दिवस उलटी ठेवून वर विटांचे वजन दिले, मागच्या बाजूला अस्तराचे दोन हात दिले आणि आडव्या तीन पट्ट्या स्क्रूने बसवल्या. पट्ट्या व स्क्रू ४२० रुपये. फुगवटा ४ मिलिमीटरांवर आला आणि तिथेच थांबला. पाच दिवस गेले. ज्यांना जागा आहे त्यांनी १२ मिलिमीटरचे प्लाय घ्यावे. आमच्या जिन्यावरून ते चढले नसते.

२० ऑक्टोबर

आजचा पूर्ण दिवस वाया गेला, आणि तो कसा गेला हे इथे सर्वांत महत्त्वाचे आहे.

पट्ट्यांच्या कडा सुरीसारख्या सरळ याव्यात म्हणून मी मास्किंग टेपची पाच भेंडोळी आणली, ४५० रुपयांची. पांढरा रंग आदल्या शनिवार-रविवारीच द्यायला हवा होता. तो मी शुक्रवारी रात्री दिला आणि आज सकाळी, जेमतेम दीड दिवसात, त्याच्यावर टेप लावून काळा रंग दिला. वरून हात लावल्यावर पांढरा रंग सुकलेला वाटत होता, पण आतून तो कच्चा होता. संध्याकाळी टेप ओढताच तीन ठिकाणी पांढऱ्याची साल हिरव्या थरापर्यंत निघून आली. दोन कडांवर काळा रंग टेपखाली झिरपला होता. टेप लावणे, दाबणे, रंग देणे आणि काढणे यांत सात तास गेले.

रात्री मी मूळ प्रसंगाची माहिती पुन्हा वाचली, आणि माझी पद्धतच चुकीची होती हे ध्यानात आले.

जुलै १९४३ मध्ये इटलीच्या सिसिली बेटावरील चढाईत, ११ तारखेच्या रात्री, १४४ अमेरिकन सी-४७ विमाने छत्रीधारी सैनिकांना घेऊन निघाली होती. खाली उभ्या असलेल्या त्यांच्याच जहाजांनी आणि तोफांनी त्यांच्यावर मारा केला आणि त्यांतील २३ विमाने पडली. नॉर्मंडीची तयारी करताना हा अनुभव समोर होता. मित्र की शत्रू हे रेडिओ संकेताने ओळखणारी यंत्रणा विमानांत होती, पण एका किनाऱ्यावर एकाच सकाळी हजारो विमाने येणार असल्यामुळे ती कोलमडेल अशी भीती होती. म्हणून डोळ्यांनाच दिसेल अशी खूण हवी होती. चढाईतील दोस्तांच्या हवाई दलांचे प्रमुख एअर चीफ मार्शल सर ट्रॅफर्ड ली-मॅलरी यांनी १७ मे १९४४ रोजी पट्ट्यांच्या योजनेला मंजुरी दिली. १ जून रोजी जहाजांवरील लोकांना सवय व्हावी म्हणून पट्टे रंगवलेली काही विमाने आरमारावरून नेण्यात आली. ही खूण शत्रूला आधी कळली तर तो तिची नक्कल करील, म्हणून प्रत्यक्ष रंगवण्याचा हुकूम सैन्यवाहू विमानांच्या तुकड्यांना ३ जूनला आणि लढाऊ व बाँबफेकी विमानांच्या तुकड्यांना ४ जूनलाच दिला गेला. चढाई ६ जूनला झाली.

म्हणजे जमिनीवरील कर्मचाऱ्यांच्या हाती काही तासच होते. टेप लावून कडा राखण्याइतका वेळ फारच थोड्या ठिकाणी मिळाला असेल. त्या काळच्या छायाचित्रांत कडा वाकड्या दिसतात, ब्रशचे फराटे दिसतात, काही ठिकाणी खालचा रंग डोकावतो. मी सात तास खर्चून जी कड मिळवू पाहत होतो, ती त्या विमानांवर मुळात नव्हतीच.

२७ ऑक्टोबर

खराब झालेला भाग पॉलिश पेपरने घासून, पांढऱ्याचा नवा हात देऊन आठवडाभर सुकू दिला. आज टेपशिवाय काम केले. पुतण्याने सुताला खडूची पूड चोळली, आम्ही दोघांनी दोन टोके धरली आणि काकांनी मधोमध सूत उचलून सोडले. चार रेघा अशा मारल्या. मग चार इंची ब्रशाने काळे पट्टे हातानेच भरले. दोन तास दहा मिनिटे लागली. काकांच्या बाजूची कड बऱ्यापैकी सरळ आली, माझ्या बाजूची जागोजागी पाव इंच इकडे-तिकडे झाली. दहा पावलांवरून दोन्ही सारख्याच दिसतात.

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिले तेव्हा रुंदीचे कारण पुतण्याला न सांगता समजले. त्याने शेजारी कागदावर काढलेले बारीक पट्टे तिथून करड्या रंगाचे दिसत होते. अठरा इंची पट्टे मात्र वेगळे मोजता येत होते. बारीक पट्टे दुरून एकमेकांत मिसळतात आणि खूण नाहीशी होते.

ही कल्पना १९४४ मध्ये अचानक सुचलेली नव्हती. हॉकर टायफून हे ब्रिटिश विमान काही कोनांतून जर्मन फोके-वुल्फ १९० सारखे दिसे, आणि आपल्याच लोकांच्या गोळ्या त्याच्यावर झाडल्या जात. म्हणून डिसेंबर १९४२ पासून त्याच्या पंखांखाली १२ इंचांचे काळे आणि त्यांच्यामध्ये २४ इंचांचे पांढरे पट्टे देण्यात आले. नॉर्मंडीनंतर महिनाभरात वरच्या बाजूचे पट्टे काढण्याचा हुकूम निघाला, कारण फ्रान्समधील धावपट्ट्यांवर उभी असलेली विमाने वरून शत्रूला सहज दिसू लागली. १९४४ च्या अखेरीस पट्टे पूर्णपणे गेले. आपल्याला दिसणारी खूण शत्रूलाही दिसते. मी हे वाक्य फळीच्या खाली मोठ्या अक्षरांत काकांकडून लिहून घेतले आहे.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. काम अर्धाच दिवस, आणि तेही चूक दुरुस्त करण्याचे. पुतण्याने भारताच्या बाजूची खूण असावी असा आग्रह धरला होता, म्हणून एका छोट्या फळीवर मी निळे, पांढरे आणि मध्ये लाल असे वर्तुळ रंगवले होते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ते चालणार नाही. जपानी विमानांवर लाल गोळा असल्यामुळे आग्नेय आशिया कमांडमधील विमानांच्या वर्तुळातून लाल रंग काढून टाकला होता, आणि भारतीय तुकड्यांची हरिकेन विमानेही तशाच खुणांनी उडत होती. लाल बिंदूवर फिकट निळ्याचे तीन हात द्यावे लागले. लाल रंग वर उमटत राहतो. याच आघाडीवर पुढे गडद रंगाच्या विमानांवर पांढरे पट्टे आणि उघड्या चंदेरी धातूच्या विमानांवर गडद पट्टे देत. रंगाची निवड शेजारच्या रंगावर अवलंबून असते, हे एवढ्या स्पष्टपणे मला दुसरीकडे कुठे दिसले नाही.

९ नोव्हेंबर

झगझगीत केशरी रंगाच्या शोधात लोहार चाळीच्या परिसरात तीन तास फिरलो. दुकानात 'रेडियम' मागितले आणि ३५० रुपयांचा 'रेडियम'चा ताव घेऊन आलो. घरी कळले की तो गाड्यांच्या मागे लावतात तो परावर्तक कागद आहे. आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द आहे, म्हणून पुढील खरेदीदारांसाठी लिहितो. परावर्तक कागद आलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवतो, त्यामुळे दिवा मारणाऱ्यालाच तो चमकताना दिसतो. अंधारात चकाकणारा रंग प्रकाश साठवून नंतर हळूहळू सोडतो. मला हवा होता तो फ्लोरोसंट रंग. तो भर दिवसा, प्रकाश पडत असतानाच उजळतो. दुकानदाराला 'होळीला किंवा क्रिकेटच्या चेंडूला असतो तसा झगझगीत' असे सांगितल्यावर अर्ध्या लिटरचा डबा मिळाला. ६२० रुपये.

या रंगाच्या उगमाची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात बॉब स्विट्झर नावाच्या तरुणाला कामाच्या ठिकाणी अपघात झाला आणि डोक्याला मार लागून त्याची दृष्टी अधू झाली. बरे होईपर्यंत त्याला अंधाऱ्या खोलीत राहावे लागले. त्याचा भाऊ जोसेफ (जो) हा रसायनशास्त्राचा विद्यार्थी होता आणि हौसेने जादूचे प्रयोग करत असे. दोघांनी वडिलांच्या औषधाच्या दुकानात अतिनील दिवा घेऊन कोणते पदार्थ अंधारात उजळतात ते शोधले आणि त्यांपासून रंग बनवले. सुरुवातीला त्यांचा उपयोग जादूच्या खेळांत आणि जाहिरातींच्या फलकांत झाला. पुढे दोघे ओहायोतील क्लीव्हलँडला गेले आणि अतिनील दिव्याशिवाय, साध्या उन्हातही उजळणारे रंग त्यांनी तयार केले. महायुद्धात उत्तर आफ्रिकेतील सैनिकांनी या रंगाचे कापड जमिनीवर पसरून आपल्याच विमानांना आपली ओळख पटवली. १९४६ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. १९६९ पासून ती डे-ग्लो या नावाने ओळखली जाते. याच बंधूंच्या कामातून विमानांच्या सुट्या भागांतील डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा चकाकणाऱ्या द्रवाने शोधण्याची पद्धतही पुढे आली.

१६ नोव्हेंबर

चार फूट बाय दोन फुटांच्या फळीवर उरलेल्या करड्या अस्तराचा हात दिला, या वेळी पाठीसह, आणि त्याच्यावर फ्लोरोसंट केशरी लावला. परिणाम निराशाजनक होता. रंग पिकलेल्या पपईसारखा मळकट दिसला. आणखी दोन हात दिले, तरी फरक नाही. डबा एकतृतीयांश संपला.

काकांनी विचारले, "खाली पांढरा दिला का?" दिला नव्हता. हा रंग अर्धपारदर्शक असतो. त्यातील द्रव्य अतिनील आणि निळा प्रकाश शोषून घेते आणि तो केशरी करून बाहेर टाकते. म्हणून साध्या केशरीपेक्षा तो अधिक उजळ दिसतो, कारण परत आलेल्या केशरी प्रकाशात या नव्याने तयार झालेल्या प्रकाशाची भर पडते. पण हा प्रकाश सर्व दिशांना जातो. जो खाली जातो तो करड्या अस्तरात मुरतो. पांढऱ्या अस्तरावरून तो परत वर येतो.

अर्धी फळी घासून पांढरी केली आणि पुन्हा केशरी दिला. अर्धी जाणूनबुजून तशीच ठेवली. प्रदर्शनात दोन्ही भाग शेजारी दिसावेत. ४०० रुपयांच्या अतिनील टॉर्चने रात्री पाहिले तर पांढऱ्यावरचा भाग निखाऱ्यासारखा पेटतो.

१७ नोव्हेंबर

उन्हाची चाचणी सुरू केली. पांढऱ्या अस्तरावर केशरी दिलेले चार तुकडे केले : पहिला उघडा, दुसऱ्यावर साधे वॉर्निश, तिसऱ्यावर अतिनील किरण अडवणारे वॉर्निश, आणि चौथा कपाटात. पहिल्या तिन्हींचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या फॉईलने झाकला आणि ते गच्चीच्या दक्षिण कठड्यावर बांधले.

२४ नोव्हेंबर

विमानांना अडथळा ठरणाऱ्या उंच वस्तूंवरील खुणा दाखवण्यासाठी सात फुटी पीव्हीसी पाईप रंगवला. आंतरराष्ट्रीय नियमांत उंच खांबांवर व धुरांड्यांवर आडवे पट्टे सांगितले आहेत, लाल-पांढरे किंवा केशरी-पांढरे; एका पट्ट्याची रुंदी सर्वांत मोठ्या मापाच्या साधारण एकसप्तमांश किंवा ३० मीटर, यांतील जे कमी असेल ते. सात फुटांना एक-एक फुटाचे सात पट्टे सरळ बसले. टोकाचे पट्टे गडद रंगाचे असावेत असाही नियम आहे, आणि पट्टे सात असल्यामुळे दोन्ही टोके लाल आली. नॉर्मंडीच्या पट्ट्यांत टोके पांढरी आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण पार्श्वभूमीत आहे : खांबामागे उजळ आकाश असते, त्या पट्ट्यांच्या बाजूला गडद हिरवे विमान होते.

गुळगुळीत पाईपवरचा रंग नखाने सुटून आला. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पुन्हा दिला, आता बसला आहे.

१ डिसेंबर

अंतराची चाचणी. एक फूट चौरसाचे पाच तुकडे, म्हणजे पिवळा, पांढरा, लाल, फ्लोरोसंट केशरी आणि काळा, बांबूला लावून आमच्या गच्चीच्या कठड्याबाहेर आकाशाच्या पार्श्वभूमीवर धरले. मी आणि काका नातेवाइकांच्या इमारतीच्या गच्चीवर गेलो; मोबाईलच्या नकाशावर अंतर ३५० मीटर निघाले. पुतण्या फोनवर सांगेल त्या क्रमाने तुकडे बदलत होता, पण रंगाचे नाव सांगत नव्हता.

सकाळी दहा वाजता धुरकट पांढरे आकाश होते. पांढरा तुकडा मला सापडलाच नाही. पिवळा काकांना दिसला, मला नाही. लाल आणि केशरी दोन्ही ठिपके दिसले, परंतु त्यांतील कोणता कोणता हे आम्ही दोघांनीही चुकीचे सांगितले. काळा पहिल्याच नजरेत सापडला. संध्याकाळी सूर्यास्तानंतर चित्र बदलले : लाल तुकडा काळसर झाला, कारण कमी उजेडात आपल्या डोळ्याला लाल रंग आधी दिसेनासा होतो, केशरी मात्र त्या संधिप्रकाशात दिवसापेक्षा स्पष्ट ओळखू आला, कारण त्या वेळच्या आकाशातील निळसर प्रकाश तो केशरी करून परत देतो.

पिवळ्याच्या अपयशाने मी अस्वस्थ झालो, कारण प्रशिक्षण विमानांचा तो जुना रंग आहे. अमेरिकी सैन्याच्या विमानांचे पंख १९२७ पासून क्रोम पिवळे होते आणि ब्रिटिश प्रशिक्षण विमाने १९३० च्या दशकाच्या मध्यापासून पिवळी रंगवली जात. थोडा विचार केल्यावर लक्षात आले की माझी चाचणी एकाच स्थितीची होती. पिवळे पंख शेतांवर आणि झाडांवर वरून उठून दिसतात. आमच्या गच्चीमागे धुरके होते. दुसऱ्या रविवारी तेच तुकडे समोरच्या बागेतील झाडांपुढे धरले तेव्हा पिवळा आणि पांढरा पहिले आले आणि काळा सापडला नाही.

हीच गोष्ट तज्ज्ञांनाही अनुभवाने शिकावी लागली. डग्लस स्कायस्ट्रीक हे अमेरिकन संशोधन विमान १९४७ मध्ये गडद लाल रंगात उडू लागले. ते उंचावरील गडद आकाशात जमिनीवरून दिसेना, म्हणून पुढे त्याचे धड पांढरे करण्यात आले. ३० जून १९५६ रोजी ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ जण मृत्युमुखी पडले, आणि वैमानिकाने पाहून टाळावे या पद्धतीची मर्यादा सर्वांसमोर आली. त्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकी आणि ब्रिटिश हवाई दलांनी अनेक विमानांच्या नाकावर, शेपटीवर आणि पंखांच्या टोकांवर फ्लोरोसंट केशरी पट्टे दिले. ब्रिटिशांनी १९९० च्या दशकात हॉक आणि टुकानो ही प्रशिक्षण विमाने चक्क काळीभोर केली, कारण आकाशापुढे काळा आकार सर्वांत चांगला दिसतो असे चाचण्यांत आढळले. आमच्या बांबूवरच्या तुकड्याने सकाळी तेच दाखवले होते.

१५ डिसेंबर

उन्हातील तुकड्यांवरची फॉईल कावळ्यांनी ओढून काढली. किती दिवस झाकलेला भाग उघडा होता हे कळत नाही, म्हणून महिन्याभराची चाचणी रद्द करून नव्या तुकड्यांवर पुन्हा सुरू केली. या वेळी फॉईलवर काळी पट्टी चिकटवून तिची चमक झाकली आहे.

२५ जानेवारी २०२५

प्रदर्शन झाले. फळी शाळेच्या दारातून तिरकी करून आत न्यावी लागली. सहावीतील एका मुलीने पट्ट्यांच्या वाकड्या कडेवर बोट फिरवून विचारले की रंगवणाऱ्यांना घाई होती का. दिवसभरात आलेल्या प्रश्नांत मला हा सर्वांत मोलाचा वाटला, आणि तो टेपने रंगवलेल्या फळीसमोर आला नसता. सर्वाधिक गर्दी मात्र अतिनील टॉर्चच्या खोक्यापाशी होती.

३० मार्च

आज गुढीपाडवा. सकाळी गुढी उभारल्यावर कठड्यावरचे तुकडे उतरवले. साडेतीन महिन्यांच्या उन्हाचा परिणाम असा :

उघडा तुकडा फिकट पीच रंगाचा झाला आहे. टॉर्चखाली तो जवळजवळ उजळत नाही. फॉईलखालचा अर्धा भाग ताजा आहे आणि दोहोंमधील सीमारेषा फूटपट्टीने मारल्यासारखी दिसते. साध्या वॉर्निशचा तुकडाही तेवढाच फिकटला आणि वरून पिवळट झाला, त्यामुळे ते १८० रुपये उपयोगी पडले नाहीत. अतिनील किरण अडवणाऱ्या वॉर्निशचा तुकडा बराच टिकला, परंतु तो पहिल्या दिवसापासूनच कपाटातील तुकड्यापेक्षा मंद होता. जे किरण रंगद्रव्य नष्ट करतात त्यांच्यातलेच काही त्याला उजळवतात. ते अडवले की रंग टिकतो, पण तेज कमी होते. १९६० च्या दशकात हवाई दलांनी हे केशरी पट्टे वारंवार रंगवण्याचा कंटाळा येऊन पुढे साध्या लाल-पांढऱ्या किंवा केशरी-पांढऱ्या रंगांकडे वळणे पसंत केले, ते का, हे हा तुकडा हातात घेतल्यावर समजते.

एकूण खर्च ८,१३० रुपये झाला, म्हणजे ठरवल्यापेक्षा ३,१३० रुपये अधिक. त्यांतील टेपचे ४५०, परावर्तक कागदाचे ३५० आणि दुबार लावलेल्या रंगाचे सुमारे ५०० रुपये पूर्णपणे टाळता आले असते. वेळेचा हिशेब केला तर अठरा दिवस कामाचे आणि त्यांपैकी सात चुका निस्तरण्याचे. मोठी फळी शाळेने ठेवून घेतली आहे. उरलेल्या केशरी रंगाच्या डब्यावर साय धरली होती; ती काढून, रंग गाळून दोन नवे तुकडे रंगवले आणि एकावर अतिनील वॉर्निशचा एक, दुसऱ्यावर दोन हात दिले. ते आज दुपारी त्याच कठड्यावर बांधले आहेत आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी उतरवायचे आहेत.